मिसिंग कोणत्या सिलिंडरला, आणि का?



नाशिक रोडहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने वापरलेली टर्बो पेट्रोल मोटार विकत घेतली. आधीच्या मालकाने हौसेने तिच्यात बरेच बदल करून तिची ताकद वाढवलेली होती. सपाटीला गाडी छान पळते. पण खोपोली सोडून बोरघाट चढू लागली, मागे घरची माणसे बसलेली असली आणि ॲक्सिलरेटर दाबला, की ती गचके देते आणि समोर इंजिनाचे पिवळे चित्र लुकलुकू लागते. आजवर तीन गॅरेजे झाली. पहिल्याने चारही कॉइल बदलल्या, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला, तिसरा म्हणतो इंजिन उतरवावे लागेल. त्या लिहितात, "दादा, धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे या गाडीत चालले आहेत. गाडी खरोखर बिघडली आहे की आम्हाला कोणी बनवीत आहे, एवढे मला समजेल अशा भाषेत सांगा."

समजेल अशा भाषेत सांगायचे तर आधी मिसिंग म्हणजे काय ते पाहू. आयटीआयच्या मुलांना हे ठाऊक आहे, त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे गेले तरी चालेल.

घरच्या शेगडीची कळ फिरवली, लायटर दाबला आणि गॅस पेटलाच नाही, तर नुसता वास सुटतो. इंजिनाच्या सिलिंडरात तेच होते, त्याला इंग्रजीत मिसफायर आणि गॅरेजच्या भाषेत मिसिंग म्हणतात. पेट्रोल आले, हवा आली, पण ठिणगी पडली नाही. किंवा ठिणगी पडली पण पेट्रोलच पुरेसे नव्हते. किंवा दोन्ही होते, पण व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याने दाब तयार झाला नाही. कारण कोणतेही असो, तो सिलिंडर त्या फेरीला काम न करता नुसता ओझे होतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक सिलिंडर मिनिटाला १,५०० वेळा पेटतो. चार मिळून ६,००० वेळा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. त्यातल्या चार-दोन वेळा चुकल्या तरी बसलेल्या माणसाच्या पाठीला ते कळते. जुन्या मारुती ८०० ला तीनच सिलिंडर होते. त्यातला एक बंद पडला की अख्खी गाडी पिठाच्या गिरणीसारखी हादरायची, मिस्तरीला विचारावेही लागत नसे.

पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. तो लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. न पेटलेले पेट्रोल तसेच पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे पेटते. आतली जाळी अतिशय तापली की खराब होऊ लागते, फार झाले तर वितळते. बाकीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते. तेव्हा दिवा लुकलुकला की ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच हलका करावा. 'घाट संपेपर्यंत रेटू या' असे म्हणणारा माणूस पाच हजारांचे काम लाखावर नेऊन ठेवतो.

आता गाडीला हे कळते कसे? क्रँकशाफ्टवर दात असलेली एक चकती असते आणि तिच्याजवळ सेन्सर. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला एक धक्का मिळतो आणि दात जरा जलद सरकतात. एखादा सिलिंडर पेटला नाही की तेवढ्यापुरते ते मंदावतात. कोणत्या सिलिंडरच्या पाळीला मंदावले हे कॉम्प्युटर मोजतो आणि खतावणीत लिहून ठेवतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली, आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. स्कॅनर लावला की पी ०३०१ दिसले तर पहिला सिलिंडर, पी ०३०२ दिसले तर दुसरा, याप्रमाणे. पी ०३०० असेल तर एकाहून अधिक सिलिंडर, किंवा पाळी ठरलेली नाही. पहिला सिलिंडर कोणता हे आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत बेल्ट किंवा चेनच्या बाजूने मोजतात. तरी त्या गाडीचे पुस्तक पाहूनच मोजावे.

इथेच बरीच गॅरेजे घसरतात. स्कॅनर सांगतो तो पत्ता. त्या पत्त्यावर काय घडले ते तो सांगत नाही. पी ०३०३ म्हणजे 'तिसऱ्याची कॉइल गेली' असा अर्थ कुठल्याही पुस्तकात नाही, तरी पडद्यावर आकडा आला की कॉइल बदलून मोकळे होण्याची रीत पडली आहे. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. मिस्तरीवर गिऱ्हाईक उभे असते, कॉइल लवकर निघते आणि दहांपैकी काही वेळा दुखणे खरेच थांबते. म्हणून त्या भगिनींना सांगतो, की तुम्हाला बनविले आहे असे मी म्हणणार नाही. पण तीनही ठिकाणी एक प्रश्न विचारायचा राहिला: कंपनीतून आली तेव्हा ही गाडी कशी होती, आणि आज तिच्यात काय काय वेगळे आहे?

मुलाला फोनवर हेच विचारले. त्याने आधीच्या मालकाकडून माहिती काढून यादी पाठवली. कॉम्प्युटरचे रीमॅप केलेले. हवेचा बंद डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर. ॲक्सिलरेटर सोडला की 'फुस्स' आवाज करणारा व्हॉल्व्ह. प्लग 'नवे आणि भारी'. ही यादी हातात आली आणि माझ्या मते निम्मे निदान झाले.

कारण असे. गाडी बनवणारी कंपनी प्रत्येक भागात थोडी शिल्लक ठेवते. कॉइल गरजेपेक्षा जास्त व्होल्ट देऊ शकते, पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ शकतो. ही शिल्लक राजस्थानच्या उन्हासाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी, दहा वर्षांच्या झिजेसाठी असते. रीमॅप करणारा त्याच शिल्लकीतून ताकद काढून देतो. गिऱ्हाईकाला वाटते इंजिनात काहीतरी नवीन घातले. खरे म्हणजे बँकेतली ठेव मोडलेली असते. मग जो प्लग साध्या गाडीत अजून वर्षभर निमूट चालला असता तो या गाडीत पहिल्याच घाटात नापास होतो. भाग खराब असेलच असे नाही, तो पुरा पडत नाही एवढेच. अशा गाडीत आंधळेपणाने भाग बदलत गेले तर नवा भागही पुरा पडत नाही, आणि दुकानाचे बिल मात्र वाढत जाते.

ठिणगीचेच पाहा. प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला किती व्होल्ट लागतील हे दोन गोष्टींवर ठरते: फट किती रुंद आणि तिथल्या हवेवर दाब किती. दोन्ही वाढले की व्होल्ट वाढतात. मूळच्या गाडीत टर्बो अर्धा-पाऊण बार जादा दाब देत असेल आणि रीमॅपनंतर तो एक-सव्वा बार झाला, तर सिलिंडर पेटण्याच्या क्षणी आतली हवा कितीतरी दाट असते. कॉइलकडे तीस हजार व्होल्ट आहेत आणि फट पस्तीस मागते आहे, तर ठिणगी पडतच नाही. पोरे म्हणतात, 'वाऱ्याने ठिणगी विझते'. तसे नाही. फट ओलांडता येत नाही म्हणून वीज दुसरी वाट शोधते. बहुधा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून बाहेरच्या बाहेर, नाहीतर कॉइलच्या रबरातून. म्हणून सपाटीवर, हलक्या पायाने, टर्बो फारसा भरत नसताना गाडी शहाण्यासारखी वागते आणि घाटात गचके देते.

एका रविवारी तो मुलगा गाडी घेऊन पिंपरीतल्या एका ओळखीच्या गॅरेजमध्ये आला. स्कॅनर लावला. चूक नोंदताना गाडी त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवते, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोणत्याही गॅरेजात कोड पुसण्याआधी ही फ्रेम कागदावर उतरवून घ्यावी. पुसली की पुरावा गेला. तीत फेरे ३,२०० च्या वर, इंजिन पुरते तापलेले, भार जवळजवळ पूर्ण, आणि कोड पी ०३०३.

आता तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दोषी, प्लग दोषी, की आणखी काही? एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा धडा आपण या सदरात अनेकदा घोकला आहे. पण घाट चढल्याखेरीज हे दुखणे दिसत नव्हते आणि दरवेळी खोपोलीपर्यंत उतरायचे म्हणजे पेट्रोल आणि दिवस दोन्ही जाणार. म्हणून गॅरेजच्या मिस्तरीने एक युक्ती केली, ती तरुण मुलांनी टिपून ठेवावी. इंजिन थंड असताना त्याने तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावली आणि पहिल्याची तिसऱ्याला. तिसऱ्याचा प्लग मात्र चौथ्यात घातला आणि चौथ्याचा तिसऱ्यात. प्रत्येकावर मार्करने आकडा घातला, वहीत लिहिले. आता मिसिंग पहिल्याला गेले तर कॉइल, चौथ्याला गेले तर प्लग, तिसऱ्यालाच राहिले तर या दोन्हींचा दोष नाही, मग इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायचे. एका फेरीत तीन प्रश्नांची उत्तरे. सुटा भाग एकही विकत आणायचा नाही.

दोघे खोपोलीला उतरून जुन्या रस्त्याने वर आले. मिस्तरी गाडी चालवत होता, मुलगा शेजारी बसून स्कॅनरवरचे आकडे वाचत होता. हे काम एकट्याने कधी करू नये; डोळे पडद्यावर आणि हात स्टिअरिंगवर, असा घाट कोणी चढू नये. वेगाचीही गरज नसते. तिसऱ्या गिअरमध्ये भार पडला की पुरे. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला आणि चौथ्याचा आकडा भराभर वाढू लागला. पहिला शून्यावर, तिसरा जवळजवळ गप्प.

प्लग काढले. चारही खरोखर नवे दिसत होते, म्हणूनच आधीच्या कोणी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. फीलर गेज लावल्यावर फट भरली १.१ मिलिमीटर. ते प्लग चांगल्या प्रतीचे होते, आटेही बरोबर होते, पण टर्बो नसलेल्या इंजिनासाठी बनवलेले होते. टर्बो गाडीला फट साधारण ०.७ ते ०.८ च्या आसपास असते, आणि बूस्ट वाढवलेले असेल तर त्याहूनही थोडी कमी ठेवतात. जो प्लग तिसऱ्यातून चौथ्यात गेला होता, त्याच्या पांढऱ्या मातीवर वरून खाली केसासारखी बारीक काळी रेघ होती. विजेने काढलेली पळवाट ती हीच. एकदा ही रेघ पडली की पुसून जात नाही, आणि समोरच्या कॉइलच्या रबरालाही आतून तशीच रेघ उमटते. म्हणून दोन्ही बदलावे लागतात.

योग्य नंबरचे चार प्लग आणि एक रबर, सगळे पाच हजारांच्या आत बसले. फट ०.७ ला लावली. इरिडियमच्या प्लगचे मधले टोक सुईसारखे असते. त्याला पाना टेकवून फट वाकवली तर ते टोक मोडते, तेव्हा फक्त बाहेरचा आकडा हलवावा. गॅरेज बदलल्यावर मुले आणखी एका ठिकाणी गोंधळतात, तेही सांगतो. प्लगच्या नंबरात तो थंड की गरम हे लिहिलेले असते, पण सगळ्या कंपन्यांची रीत एक नाही. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग थंड. बॉशच्या प्लगवर उलट, आकडा लहान तर थंड. ताकद वाढवलेल्या इंजिनाला बहुधा एक पायरी थंड प्लग लागतो. बॉशची रीत एनजीकेला लावली तर नेमका उलटा प्लग बसतो, आणि फार गरम प्लगचे टोक निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. मिसिंगवर इलाज करायला गेलेल्या माणसाचा पिस्टन त्याने फुटतो.

घाट स्वच्छ चढली. पण गावातल्या रहदारीत गिअर बदलताना एक बारीक झटका उरलाच होता. हे दुसरे दुखणे. ते त्या 'फुस्स' व्हॉल्व्हचे. टर्बोने दाबलेली हवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर कुठेतरी जायला हवी. मूळ गाडीत ती वळून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी जाते. हौशी व्हॉल्व्ह तिला आवाज करत बाहेर सोडून देतो. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ बसवलेला असतो, तिच्या कॉम्प्युटरने ती हवा आधीच जमेस धरलेली असते आणि तेवढे पेट्रोलही सोडलेले असते. हवा गेली, पेट्रोल राहिले. क्षणभर मिश्रण जाड होते, प्लगवर काजळी बसते, गाडी अडखळते. किराणा दुकानदाराने मापून दिलेली साखर वाटेत सांडली आणि घरी पाणी मात्र पूर्ण मापाने घातले, तसा हा प्रकार. सुदैवाने मूळचा व्हॉल्व्ह आधीच्या मालकाच्या माळ्यावर पडून होता. तो परत बसवला, झटका गेला. आवाजही गेला. मुलाला तो जरा लागला, असे दिसले.

पंप बदलायची गरज मुळीच नव्हती. पंप कमी पडतो की नाही हे गेज लावून, नाहीतर स्कॅनरवर पेट्रोलचा दाब घाटात पाहून ठरते, आणि या गाडीत तो शेवटपर्यंत ठरल्या आकड्यावर टिकत होता. इंजिन उतरवायचे तर दूरच. त्याआधी निदान चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजायला हवे होते. पेट्रोल आणि ठिणगी बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरवर पाच-सहा फेरे. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तर इंजिनाला हात लावू नये. एखादा बराच कमी आला तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मोजायला तास-दीड तास लागतो. तो तास न देता जो इंजिन उतरवायची भाषा करतो, त्याच्याकडून गाडी परत आणावी.

सगळ्यांच्या गाडीचे दुखणे असेच असेल असे नाही, म्हणून गॅरेजला जाण्याआधी घरच्या माणसांनी एवढे टिपून न्यावे: गचके कधी येतात? उभ्या गाडीत, सिग्नलला, इंजिन थरथरते आणि पळताना ठीक होते, तर कुठेतरी चोरून हवा शिरते आहे असा संशय घ्यावा. बदल केलेल्या गाडीत नळ्या आणि क्लिपा वारंवार उघडलेल्या असतात, तिथेच फट राहते. टर्बोच्या नळ्यांत थोडी दाबाची हवा भरून साबणाचे पाणी लावले की सायकलच्या ट्यूबसारखे बुडबुडे दिसतात. काही जण चालू इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी हा खेळ करू नये.

सकाळी थंड इंजिनाला पहिली दोन मिनिटे मिसिंग आणि मग सगळे ठीक, हे अलीकडच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांचे लक्षण आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून त्याला धूत असे. या गाड्यांत ते थेट सिलिंडरात पडते, व्हॉल्व्हला अंघोळ मिळत नाही आणि ऑइलच्या वाफेची काजळी थरावर थर चढते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. पेट्रोलच्या टाकीत बाटली ओतून ही काजळी जात नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही.

फक्त पावसात येत असेल तर प्लगच्या खोबणीत पाणी उतरते का पाहावे. घरी पाइपाने इंजिन धुण्याची हौसही त्याला कारण होते. शंकूचा उघडा फिल्टर तेलाने भिजवलेला असेल तर तेच तेल हवेच्या सेन्सरवर बसून त्याची मोजणी बिघडवते. आणि २०२५ पर्यंत आपल्याकडचे बहुतेक पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे झाले, हेही ध्यानात असावे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त द्यावे लागते. मूळचा कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरकडून कळल्यावर ही दुरुस्ती बऱ्याच अंशी करतो. पण जुन्या पेट्रोलवर काठावर बसवलेले रीमॅप पूर्ण ॲक्सिलरेटरला पातळ मिश्रण देऊ शकते. रीमॅप कोणत्या साली आणि कोणत्या पेट्रोलवर केले, हे म्हणून विचारावे.

काही वेळा मिसिंग नसतेच आणि तरी कोड येतो. हलके फ्लायव्हील किंवा मोठ्या उंचवट्याचा कॅमशाफ्ट घातला की शाफ्टची चाल मुळातच खडबडीत होते आणि कॉम्प्युटर तिलाच मिसिंग समजतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे धक्केही काही गाड्यांना असेच फसवतात. प्लग गव्हाळ रंगाचे, कोरडे आणि चारही सारखे असतील, गाडी ओढत असेल, तर कोडवर आंधळा विश्वास ठेवू नये. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरातून फटाके वाजवणारे रीमॅप हा आणखी निराळा प्रकार. तिथे मुद्दाम उशिरा ठिणगी देऊन पेट्रोल बाहेर जाळतात. बुलेटच्या फटाक्याचे हे मोटारीतले भावंड आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा त्याने तोच नाश होतो जो मिसिंगने होतो, फक्त पैसे देऊन करून घेतलेला.

जुन्या मिस्तरींची एक सवय मात्र सोडायला हवी. फियाटच्या काळी चालू इंजिनाची एकेक प्लग वायर उपसून, इंजिन कधी जास्त बसते ते ऐकत. ज्या वायरीने फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. विचार अगदी बरोबर होता. पण आजच्या कॉइलचा झटका फार जबर असतो, उघडी पडलेली कॉइल स्वतः जळते आणि न पेटलेले पेट्रोल कन्व्हर्टरात जाते. तेच काम स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून होते. ज्या मुलांना या धंद्यात पडायचे आहे त्यांनी पहिल्या कमाईतून चमकते पाने घेण्याआधी एक बरा स्कॅनर, फीलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज घ्यावे.

शेवटी कागदपत्रांचे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. न कळवलेला बदल अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती लागला तर भरपाई अडते. वापरलेली टर्बो गाडी घेणाऱ्याने म्हणून सौद्याच्या आधीच विचारावे: रीमॅप आहे का, मूळचे भाग कुठे आहेत? मूळचे भाग मिळत असतील तर गाडीबरोबर मागून घ्यावेत, माळ्यावर जागा थोडीच लागते. आणि गॅरेजने काहीही बदलले तरी काढलेला जुना भाग पिशवीत घालून परत मागावा, बिलावर तो का बदलला ते एका ओळीत लिहून घ्यावे. ही ओळ लिहायला जो कुरकुर करील त्याला कारण माहीत नसते, असा माझा अनुभव आहे.

पुढील अंकी बॅटरी आणि अल्टरनेटर यांविषयी. त्याबाबतचे प्रश्न पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात पाठवावेत.